घरात रायफल सापडली, १८८ महिने शिक्षा: यालाच कडक कायदा म्हणायचं का?

रिचमंडकर
परवा इथे एकाने लिहिलं, "बेकायदा बंदूक सापडली की सरसकट १५ वर्षं आत. दयामाया नाही. बघा देश सुधारतो की नाही." खाली टाळ्याच टाळ्या. गप्प बसणार होतो, पण राहवेना.

लोकांना वाटतं अमेरिकेच्या फेडरल (केंद्र सरकारच्या) कोर्टात बंदुकीची केस म्हणजे टोळीवाला किंवा दरोडेखोर. अहो, ९२२(जी) कलमाला, म्हणजे ठरावीक लोकांना बंदूक बाळगायला बंदी घालणाऱ्या फेडरल कलमाला, बंदूक कुणावर रोखावी लागत नाही की झाडावी लागत नाही. आधीची फेलनी (वर्षाहून जास्त शिक्षा होऊ शकणारा गुन्हा) नावावर आणि बंदूक ताब्यात, एवढ्यावर काम भागतं. त्यात प्रत्यक्ष शिक्षा किती झाली होती ते कुणी बघत नाही, किती होऊ शकली असती ते बघतात. रेंज नावाच्या माणसाचा खटला घ्या. १९९५ मध्ये पेन्सिल्वेनियात त्याने फूड स्टँपच्या (गरिबांना अन्नासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या) अर्जात उत्पन्न लपवलं, २,४५८ डॉलरचा मामला, प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीवर सुटला. राज्याच्या हिशेबी मिसडिमीनर, म्हणजे किरकोळ गुन्हा, पण कमाल शिक्षा पाच वर्षं, म्हणून फेडरल कायद्याने जन्मभर बंदूकबंदी. थर्ड सर्किटने (तिथल्या फेडरल अपील कोर्टाने) त्याच्या बाजूने निकाल द्यायला २०२३ उजाडलं.

आणि वुडन नावाच्या माणसाचा खटला? १९९७ मध्ये जॉर्जियात एका गोदामाच्या इमारतीत शिरून आतल्या भिंती फोडत एकाच खेपेत दहा खोल्या साफ केल्या. चोर होताच, मी नाही म्हणत नाही. पुढे २०१४ च्या नोव्हेंबरात साध्या वेशातला पोलीस दाराशी आला, थंडी होती म्हणून याने आत घेतलं, आणि रायफल दिसली. प्रोबेशन खात्याचा पहिला हिशोब २१ ते २७ महिन्यांचा होता. मग सरकार म्हणालं, दहा खोल्या म्हणजे दहा वेगवेगळे प्रसंग, आर्म्ड करिअर क्रिमिनल ॲक्ट (वेगवेगळ्या प्रसंगांचे तीन गंभीर गुन्हे आधीचे असले की किमान १५ वर्षं) लावा. झाली १८८ महिने शिक्षा! २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमुखाने ती उलटवली, पण तोवर त्याची आयुष्यातली वर्षं गेली ती गेलीच. रायफल तीच, माणूस तोच, फक्त जुने कागद वेगळे मोजले. हे तुम्हाला सरसकट सगळ्यांना लावायचंय?

मेम्फिसचा दुकानदार
ती पोस्ट माझीच, आणि त्यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही. रिचमंडकर, तुम्ही निवडून निवडून गरीब बिचारे आणलेत. माझ्या दुकानात आलेला पोरगा बिचारा नव्हता. काउंटरच्या काचेला नळी टेकवून उभा होता, आणि माझी बायको मागे दुधाचे कॅन लावत होती. त्याच्या हाताला कंप होता, तेच जास्त भयंकर. घाबरलेल्याचं बोट कधी दाबलं जाईल सांगता येत नाही. नंतर कळलं, काही महिन्यांपूर्वीच तो बंदुकीसह पकडला गेला होता आणि राज्याच्या कोर्टात प्ली (गुन्हा कबूल करून शिक्षा कमी करून घेण्याचा सौदा) करून सुटला होता. तेव्हाच फेडरलने उचलला असता तर आत राहिला असता. तिथे पॅरोल (मुदतीआधी सुटका) नाही, १९८७ च्या नोव्हेंबरपासून बंद. चांगल्या वागणुकीचे वर्षाला जास्तीत जास्त ५४ दिवस, बास. मला हेच पाहिजे.

अनघा (शार्लट)
मी फेडरल ज्युरीवर बसले आहे, अशाच केसवर. गाडीच्या पुढच्या सीटखाली पिस्तूल, गाडीत तिघे, गाडी चौथ्याची. ज्युरी रूममध्ये ते पिस्तूल आमच्या हातात दिलं, ट्रिगरमधून पिवळी झिप टाय ओवलेली. अपेक्षेपेक्षा जड होतं. आधीचा गुन्हा कोणता होता ते आम्हाला सांगितलंच नाही; फेलनी आहे हे दोन्ही बाजूंना मान्य आहे, एवढंच वाचून दाखवलं. शिक्षा किती होईल हेही नाही. आम्ही दोषी म्हणालो, कारण कायद्यात ते बसत होतं. त्याची आई मागच्या बाकावर होती. दुकानदार, तुमच्यावर आलेला प्रसंग मी हलका करत नाही. पण त्या सीटखालच्या पिस्तुलाने कुणालाही धमकावलं नव्हतं, आणि तुमच्या पोस्टप्रमाणे दोघांनाही १५ वर्षंच.

टेक्सासकर
सगळे गुन्हेगारांवर बोलताय. आपल्या लोकांचं काय? ९२२(जी) मध्येच पाचवं उपकलम आहे: व्हिसावरच्या माणसाने बंदूक बाळगायची नाही. एच-वन (नोकरीचा व्हिसा), एफ-वन (विद्यार्थ्यांचा), सगळे आले. आमच्या ऑफिसची टीम आउटिंग शूटिंग रेंजवर होती. टीममधले निम्मे एच-वनवाले, एकालाही माहीत नाही. मी नाही म्हणालो तर मॅनेजर म्हणतो, "कम ऑन, भाड्याची तर बंदूक आहे." भाड्याची असली तरी हातात घेतली म्हणजे ताबा आलाच ना!

सनीवेलची स्मिता
काहीतरीच काय? माझा नवरा दरवर्षी जातो रेंजवर. कुणी विचारलं नाही आजवर.

टेक्सासकर
कुणी विचारलं नाही म्हणजे कायदेशीर झालं? रेहैफ खटला वाचा. अमिरातीहून स्टुडंट व्हिसावर फ्लोरिडाला आलेला मुलगा. नापास झाला, कॉलेजने काढलं, तरी देशात राहिला. रेंजवर जाऊन गोळ्या झाडल्या. १८ महिने शिक्षा.

सनीवेलची स्मिता
आणि सुप्रीम कोर्टाने सोडवला, हे का लिहीत नाही? लोकांना घाबरवायची हौस आहे का?

प्रशांत (पॅरालीगल, न्यू जर्सी)
दोघांचंही अर्धवट आहे. २०१९ मध्ये कोर्टाने एवढंच म्हटलं की आपला व्हिसाचा दर्जा काय हे आरोपीला माहीत होतं, हे सरकारने सिद्ध करावं. कायदा माहीत नव्हता ही सबब तेव्हाही चालत नव्हती, आजही नाही. आणि आपण एच-वनवर आहोत हे कुणाला माहीत नसतं हो? व्हिसा स्टँपिंगच्या तारखा बायकोच्या वाढदिवसापेक्षा पाठ असतात. स्मिताताई, नेहमीची पळवाट म्हणजे अमेरिकेतल्या राज्याचं शिकारीचं लायसन्स. ते चालू असेल तर व्हिसावाल्याला सूट मिळते. तुमच्या मिस्टरांकडे आहे का ते आधी बघा. ग्रीन कार्ड असेल तर हे उपकलम लागूच नाही.

सनीवेलची स्मिता
लायसन्स नाहीये. पण भाषा जरा नीट ठेवा. आमच्या घरात कुणी गुन्हेगार नाही.

प्रशांत (पॅरालीगल, न्यू जर्सी)
तेच तर म्हणतोय ताई! गुन्हेगार नसलेला माणूसही या कलमात सापडतो.

नाशिककर, सध्या डेन्व्हर
आणि गांजाचं कुणी बोलतच नाही. कोलोरॅडोत दुकानात रांगेत उभं राहून घेतात, पण फेडरल कायद्याने तो 'बेकायदा सेवन करणारा'. घरात बंदूक असेल तर गेला. हंटर बायडेन क्रॅक कोकेनवरून ९२२(जी) च्या याच नशेच्या उपकलमात अडकला; जून २०२४ मध्ये ज्युरीने दोषी धरला, डिसेंबरात बापाने माफी दिली. ज्याचा बाप राष्ट्राध्यक्ष नाही त्याने कुणाकडे जायचं?

सातारकर
आपल्याकडे तरी काय वेगळं? संजय दत्तला एके-५६ साठी किमान शिक्षा होती तेवढीच झाली, पाच वर्षं, आणि त्यातही रजांवर रजा.

मेम्फिसचा दुकानदार
संजय दत्त, गांजा, व्हिसा! माझ्या बायकोवर बंदूक रोखली होती, त्याचं उत्तर कोण देणार? टीम आउटिंगचं तुम्हाला पडलंय. ती अजूनही दुकानात एकटी थांबत नाही. दाराची घंटी वाजली की हातातलं टाकून मागे जाते.

रिचमंडकर
दुकानदार, उत्तर मी देतो. तुमच्या प्रसंगाला ९२२(जी) लागतच नाही नुसतं. बंदूक दाखवून दरोडा म्हणजे हॉब्स ॲक्ट (दरोड्याचा फेडरल कायदा) आणि ९२४(सी) (गुन्ह्यात बंदूक वापरल्याचं कलम): बंदूक रोखली म्हणून किमान सात वर्षं, तीही दरोड्याच्या शिक्षेच्या वर, एकत्र भोगायची सोय नाही. त्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो नुसत्या ताब्याला तसंच वागवायला. आमच्याच गावात १९९७ मध्ये प्रोजेक्ट एक्झाइल नावाची मोहीम सुरू झाली. बेकायदा बंदुकीला पाच वर्षं फेडरल तुरुंग, अशी अक्षरं बसवर रंगवली होती. पुढे खून कमी झाले, मान्य. पण तेव्हा देशभरच कमी होत होते. आणि ९२२(जी) मध्ये शिक्षा होणाऱ्यांत अर्ध्याहून अधिक कृष्णवर्णीय आहेत, हे सेंटेन्सिंग कमिशन (फेडरल शिक्षांची आकडेवारी ठेवणारी सरकारी संस्था) स्वतः छापतं. ती गाडी, ते सीट, ती मागच्या बाकावरची आई बहुतेक कोणत्या वस्तीतली असते, हे अनघाताईंना विचारा.

मेम्फिसचा दुकानदार
माझं दुकानही त्याच वस्तीत आहे, रिचमंडकर. माझी गिऱ्हाइकंही तीच. त्यांच्यातल्याच एका आजींनी मला सांगितलं, त्याला आत ठेवा, माझा नातू याच रस्त्याने शाळेत जातो. त्यांचं मत कुठल्या कमिशनने मोजलंय?

अनघा (शार्लट)
हे बरोबर आहे. आवडलं नाही, पण बरोबर आहे. तरीही १५ वर्षं का, हे तुम्ही सांगितलं नाही. पहिल्या खेपेला पकडला तेव्हा त्याला दोन-तीन वर्षं नक्की मिळाली असती तर तुमच्या दुकानात आला असता का?

मेम्फिसचा दुकानदार
नसता आला. बरं, 'सरसकट' काढा त्यातून. १५ पण काढा हवं तर. पण 'नक्की' ठेवा. प्ली देऊन, हात हलवत घरी पाठवणं बंद करा. २०२२ मध्ये ९२२(जी) ची कमाल शिक्षा दहाची पंधरा वर्षं केली, तिचा उपयोग काय, जर पहिल्या खेपेला कुणी हातच लावणार नसेल?

रिचमंडकर
'नक्की'ला मी तयार आहे. किमान सक्ती नको, न्यायाधीशाला माणूस बघू दे.

मेम्फिसचा दुकानदार
न्यायाधीशाने माणूस बघितला म्हणूनच तो सुटला होता.

सनीवेलची स्मिता
ते शिकारीचं लायसन्स कॅलिफोर्नियात ऑनलाइन मिळतं का? कुणीतरी सरळ सांगेल का?