मदत हवी आहे: जानेवारीपर्यंत पहाटेची पाळी, मग तीन महिने बाईक उभी. काय काय करावं?

पहाटपाळी:
बाईक १५० सीसी, २०१८ ची, बीएस-४, कार्ब्युरेटर. सेल्फ आणि किक दोन्ही आहे. रोज पहाटे साडेपाचला कोथरूडहून निघून नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत चाकण. १० जानेवारीपर्यंत हे असंच चालणार, त्यानंतर तीन महिने परदेशी. बाईक सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये राहील.

अडचणी:
१. सकाळी चार-पाच वेळा सेल्फ मारावा लागतो. चालू झाली तरी पहिल्या सिग्नलला बंद पडते. २०डब्ल्यू-५० च्या जागी पातळ ऑईल टाकू का?
२. भोसरीच्या पुढे बोटं बधिर होतात आणि हेल्मेटची काच धुरकटते.
३. तीन महिन्यांसाठी टाकी रिकामी करायची की फुल? शेजारचे काका दर रविवारी दहा मिनिटं चालू करून ठेवतो म्हणतात. तेवढं पुरेल का?

बाईकला जीपीएस ट्रॅकर बसवलेला आहे.

दहाचा_पाना:
आधी ऑईलचं. २०डब्ल्यू मधला तो २० चा आकडा उणे १५ अंशांच्या चाचणीवर ठरतो, पातळ १०डब्ल्यू चा उणे २५ वर. पुण्यात पारा ८-१० ला टेकला तरी त्या आकड्यांच्या आसपासही आपण नसतो. मॅन्युअलमध्ये २०डब्ल्यू-५० लिहिलंय तर तेच ठेवा.

दोष बहुतेक चोक (थंड इंजिनला जास्त पेट्रोल देणारा खटका) वापरण्याच्या पद्धतीत आहे. पहाटे हे करून बघा. चावी बंद ठेवून दोन-तीन किका सावकाश मारा, म्हणजे घट्ट झालेलं ऑईल मोकळं होतं. मग चोक पूर्ण ओढा, चावी लावा आणि रेस अजिबात न देता सेल्फ मारा. बहुतेक जण इथेच मूठ पिळतात. मूठ पिळली की कार्ब्युरेटरमधून भसकन हवा आत जाते, चोकच्या वाटेवरची ओढ कमी होते आणि पेट्रोलचं जे दाट मिश्रण हवं असतं तेच पातळ होतं. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये पंधरा सेकंद थांबा. सारखा दाबत राहिलात तर थंडीत आधीच अर्धमेली असलेली बॅटरी बसते.

चालू झाल्यावर मिनिटभरात चोक अर्धा, दोन मिनिटांत बंद. तो विसरून तसेच मोशीपर्यंत गेलात तर प्लग काजळीने काळा होतो आणि दुसऱ्या दिवशीचा त्रास तिथूनच सुरू होतो. पहिले दोन किलोमीटर गाडी ताणू नका. एवढं करूनही बंद पडत असेल तर प्लग काढून बघा. टोक विटकरी असेल तर ठीक. काळं, कोरडं, भुकटीसारखं असेल तर घासत बसू नका, नवा टाका. त्यानंतर आयडलिंग (रेस न देता इंजिन जागेवर चालण्याचा वेग) तपासून घ्या.

चोकओढ्या:
बोटांसाठी: हवा १० अंश आणि वेग ६० असेल तर उघड्या कातडीला साधारण ५ अंशांइतकं गार लागतं. जाड लोकरी हातमोजे उपयोगाचे नाहीत, वारा आरपार जातो. आत पातळ सुती मोजा आणि वर वारा अडवणारा रेग्झिनचा किंवा चामड्याचा, असे दोन थर घाला. दोन्ही मिळून घट्ट होता कामा नयेत, बोटं आवळली की रक्त फिरत नाही आणि उलट लवकर बधिर होतात. यात हयगय नको. ६० च्या वेगाला बधिर बोटांनी ब्रेक अर्धा सेकंद उशिरा दाबला तर गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते.

छातीवर जर्किनच्या आत वर्तमानपत्राची घडी. जुना उपाय आहे, अजूनही त्याला तोड नाही. मफलर जर्किनच्या आत खोचा, टोक मागे लोंबत ठेवू नका.

काचेला आतून भांड्याच्या लिक्विड साबणाचा एक थेंब पसरवा आणि सुक्या मऊ कापडाने पूर्ण दिसेनासा होईपर्यंत पुसा. दोन दिवस टिकतं. शिवाय सिग्नलला काच बोटभर उघडी ठेवायची.

टायरवाला_नाही:
हवेबद्दल कुणी बोललं नाही. दुपारी ३० अंशांत मागच्या चाकात २८ भरली असेल तर पहाटे १० अंशांत तीच पंचवीस-सव्वापंचवीस भरते. पंक्चर नसताना गाडी जड वाटते ती यामुळे. हवा सकाळी, गाडी फार न चालवता, जवळच्या पंपावरच बघा.

आणि मोशीला इंद्रायणीच्या पुलावर धुकं असतं तेव्हा अप्पर लावू नका, समोर पांढरी भिंत उभी राहते. डिपरवर राहा. दवाने ओले झालेले पांढरे पट्टे, गटाराची झाकणं आणि मेट्रोच्या कामाजवळच्या लोखंडी प्लेटा यांच्यावर ब्रेक नको, वळणं नको. गार टायर पहिले काही किलोमीटर धरत नाही.

रविवार_सकाळ:
काकांना चालू करू द्या की. आमच्याकडे सगळे असंच करतात. बॅटरी चार्ज राहते, ऑईल फिरतं.

दहाचा_पाना:
@रविवार_सकाळ, याच सल्ल्याने गाड्या बिघडतात. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते. गाडी अर्धा तास रस्त्यावर पळाली तर सायलेन्सर तापून ती बाहेर पडते. दहा मिनिटं जागेवर चालवली तर ती सायलेन्सरमध्ये आणि थोडी ऑईलमध्येही पाणी होऊन बसते. दर रविवारी एक थर. एप्रिलपर्यंत सायलेन्सर आतून गंजायला लागतो आणि ऑईलच्या झाकणाखाली दह्यासारखा पांढरा फेस दिसतो.

बॅटरीचंही तेच. एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांचा हेडलाईट इंजिन चालू असताना बंद करता येत नाही. आयडलिंगवर जे थोडं चार्जिंग होतं त्यातलं बरंचसं दिवाच खातो. काका गाडी घेऊन सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येणार असतील तर जरूर द्या. नाहीतर हात लावायचा नाही.

@पहाटपाळी, आता उभी करण्याचं. शेवटच्या दिवशी गाडी गरम असताना ऑईल बदला. वापरलेल्या ऑईलमध्ये आम्ल आणि ओल असते, ती तीन महिने बेअरिंगवर बसू देऊ नये. टाकी पत्र्याची आहे, म्हणून फुल करा. रिकाम्या जागेतल्या हवेतली ओल पत्र्यावर धरते आणि आतून गंज चढतो. पण काठोकाठ नको. एप्रिलच्या उन्हाळ्यात १५ लिटर पेट्रोल पाव ते तृतीयांश लिटर फुगू शकतं. दोन बोटं जागा सोडा.

आणि खरी मेख टाकीत नाही, कार्ब्युरेटरच्या बोलमध्ये (तळाशी पेट्रोल साठणाऱ्या वाटीत) आहे. तिथलं घोटभर पेट्रोल उडून जातं आणि मागे डिंकासारखा चिकट थर राहतो. पायलट जेटचं (आयडलिंगला पेट्रोल देणाऱ्या बारीक नळीचं) भोक सुईच्या टोकाएवढं, ते आधी बुजतं. मग एप्रिलमध्ये गाडी फक्त चोकवर चालते, चोक काढला की बंद. म्हणून शेवटच्या दिवशी पेट्रोल कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. थंड झाल्यावर बोलच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून उरलेलं काढा.

चोकओढ्या:
ट्रॅकर हा मुख्य चोर. समजा तो १० मिलिॲम्पिअर खातो. दिवसाला ०.२४ ॲम्पिअर-तास झाले, म्हणजे ९ ॲम्पिअर-तासांची बॅटरी पाच-सव्वापाच आठवड्यांत कोरडी. मग प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचा थर बसतो आणि ती पुन्हा धड चार्ज घेत नाही. बॅटरी काढून घरात ठेवा. आधी काळी वायर, मग लाल. उलट केलंत आणि पाना चॅसीला टेकला तर ठिणगी उडते. पूर्ण चार्ज असताना मीटरवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसायला हवं. महिन्यातून एकदा कुणाला तरी बघायला सांगा, १२.४ च्या खाली गेली तर ०.९ ॲम्पिअरने चार्ज. कारचा मोठा चार्जर लावू नका. फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते म्हणतात, ते जुन्या रबरी डब्यांच्या बॅटरीचं. आताची खुशाल ठेवा.

टायरवाला_नाही:
डबल स्टँडवर, पुढच्या चाकाखाली फळी, हवा नेहमीपेक्षा ३-४ जास्त. काकांना काम हवंच असेल तर पंधरा दिवसांनी पुढचं चाक पाव फेरा फिरवायला आणि क्लच चार-पाचदा दाबायला सांगा. कव्हर सुती घ्या, प्लॅस्टिकच्या आत घाम धरतो. तळघर म्हणजे उंदीर आलेच: सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा, सीटखाली डांबराच्या गोळ्या. बोळ्याला लाल फीत बांधा आणि चावीला चिठ्ठी, नाहीतर एप्रिलमध्ये तो आतच राहतो. विम्याची तारीखही बघा. संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर नो क्लेम बोनस जातो.

पहाटपाळी:
सगळ्यांचे आभार. काकांना चाकाचं काम सांगतो. बोलच्या तळाला दोन स्क्रू दिसताहेत, ड्रेनचा कोणता?

दहाचा_पाना:
ज्याच्या शेजारी खाली तोंड केलेली बारीक नळी आहे तो. बोल धरून ठेवणारे स्क्रू कडेला असतात, त्यांना हात लावू नका. खाली वाटी धरा, दोन-तीन फेरे सैल करा, पूर्ण बाहेर काढू नका. पितळी असतो, परत बसवताना जोर लावला की आटे जातात.