संघनन, चोपण की दबलेली जमीन?

अनुवादक: अवजड यंत्रं फिरून माती घट्ट होते, त्या 'सॉइल कॉम्पॅक्शन'ला मी एका लेखात पाठ्यपुस्तकी 'संघनन' वापरला. वाचकाने विचारलं, "म्हणजे मातीत बाष्पाचं पाणी होतं का?" त्याचं चुकलं नाही, विज्ञानात त्यालाही संघननच म्हणतात. 'चोपणे'वरून 'चोपण' चालेल?

रानवाट: चोपण नको! तो शब्द आधीच दुसऱ्या अर्थाने रुळलाय. चोपण जमीन म्हणजे सोडियम वाढलेली, सामू (pH) 8.5च्या वर गेलेली. तिथे चिकणमातीचे कण सुटे होऊन छिद्रं बुजवतात. वरून ओझं लागत नाही. ती सुधारायला जिप्सम हे खनिज घालावं लागतं. दबलेल्या जमिनीचा नेमका शब्द हवा, नाहीतर वाचणारा नको तिथे जिप्सम टाकून बसेल.

जुनीपोथी: चोपण 'चोपडं'वरून आलाय, असं आजोबा सांगायचे. ओली झाली की पाय सटकतो.

रानवाट: मला नाही पटत. भुई ठोकायच्या लाकडी अवजाराला चोपणं म्हणतात. वाळल्यावर ती जमीन तशीच टणक होते.

शुद्धमती: 'मृदा-दृढीकरण' घ्या. शास्त्राला शास्त्राची भाषा हवी.

ढेकूळ: दृढ होणं चांगलं वाटतं हो! इथे तर नुकसान होतंय. चाकोरीतलं एक ढेकूळ आणि कुंपणालगतचं एक, दोन्ही हातात घेऊन फोडली. कुंपणाकडचं रवाळ सुटलं. चाकोरीतलं आडव्या पापुद्र्यांनी निघालं, आणि मुळं खाली न जाता त्या पापुद्र्यांमधून चपटी होऊन आडवी पसरलेली. चांगल्या मातीत जवळजवळ निम्मी जागा पोकळ असते, हवापाण्यासाठी. तीच चेपली गेली की पाऊस मुरत नाही, वरचा कसदार थर घेऊन वाहून जातो. याला आम्ही 'जमीन दबली' म्हणतो. तेवढं पुरे.

शुद्धमती: 'दबली' क्रियापद झालं. मथळ्यात, तक्त्यात नाम लागतं.

ढेकूळ: मग 'दबणूक' करा. आणि ती होते कधी, तेही लिहा: वाफसा यायच्या आत, म्हणजे जमीन कामाजोगी सुकायच्या आत यंत्र घातलं की. ओली माती सगळ्यात जास्त दबते.

जुनीपोथी: वापसा. 'फ' नाही.

ढेकूळ: वाफसाच. ऊन पडलं की जमिनीतून वाफ निघते, त्यावरून.

जुनीपोथी: वाफ दिसेपर्यंत कोण थांबतं? मुठीत माती दाबायची. गोळा झाला आणि सोडल्यावर फुटला, तर वापसा. त्यात वाफ कुठे आली?

अनुवादक: लेख उद्या द्यायचाय. 'दबणूक' वाचून कुणी अडेल का?

रानवाट: वाफा, वाफसा, दोन्ही एकाच धातूचे असतील का?