मदत हवी आहे : या इंग्रजी वाक्यात माझं काय चुकलं?

नमस्कार मंडळी. भोसरीत पंप दुरुस्तीच्या एका वर्कशॉपमध्ये मी डिस्पॅच बघते. शिक्षण मराठी माध्यमातलं, इंग्रजी मेल नोकरीतच लिहायला लागले.

गेल्या आठवड्यात एका ग्राहकाच्या १२ पंपांपैकी ७ टेस्ट होऊन तयार होते. मी मेल टाकला : "द पंप्स, व्हिच वेअर टेस्टेड, आर रेडी." त्यांनी चाकणहून थेट १२ पंपांचा टेम्पो पाठवला. ५ पंप अजून खोललेलेच. ड्रायव्हर दोन तास गेटवर, टेम्पोचं भाडं आमच्या अंगावर. साहेब काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. ग्राहक म्हणतो, मेलमध्ये सगळे तयार असंच लिहिलंय.

ऑफिसातले एक जण म्हणाले, स्वल्पविराम काढ. पण मराठीत "जे पंप टेस्ट झाले, ते तयार आहेत" असं आपण स्वल्पविराम देऊनच लिहितो ना?

शिवाय "वुई चेंज्ड द सील्स, वुई विल डिस्पॅच टुमॉरो" याच्याखाली कंप्युटर रेघ मारतो. का?

प्रतिसाद :
ताई, मी सदाशिव पेठेत इंग्रजीचा क्लास घेतो. ही चूक दर बॅचला भेटते. मराठीत कोणते पंप ते "जे-ते" ही जोडी सांगते, स्वल्पविराम फक्त थांबण्यापुरता. इंग्रजीत अशा दोन स्वल्पविरामांमधला मजकूर जादा माहिती ठरतो, कंसात टाकल्यासारखा. तेवढा भाग बोटाने झाका आणि वाचा : "द पंप्स आर रेडी." म्हणजे सगळेच! "द पंप्स दॅट वेअर टेस्टेड आर रेडी" असं सलग लिहिलं की फक्त टेस्ट झालेले. तुमच्या कामात तर आकडाच घाला : "सेव्हन ऑफ द ट्वेल्व्ह पंप्स आर रेडी."

सील्सच्या ओळीत दोन पूर्ण वाक्यं आहेत. "सील बदललं, उद्या माल निघेल" हे मराठीत चालतं, इंग्रजीत नुसत्या स्वल्पविरामाने जोडत नाहीत. मधे पूर्णविराम द्या. अर्धविराम किंवा स्वल्पविरामापुढे "अँड" हेही बरोबर.

मन खट्टू करू नका. मोडी लिपीत वाक्यं सलगच लिहीत. मराठीत विरामचिन्हं रुजवली ती एकोणिसाव्या शतकातल्या मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याने, तीही पुण्यात राहून. चिन्हं इंग्रजीची, पण वळण आपल्या भाषेचं पडलं.

धागाकर्ती :
खूप आभार, सर. झाकून वाचलं आणि लगेच दिसलं. उरलेल्या पंपांचा मेल आज जायचाय : "द रिमेनिंग फाइव्ह पंप्स, व्हिच वेअर टेस्टेड टुडे, आर रेडी." पाचही टेस्ट झालेत, म्हणून इथे स्वल्पविराम ठेवलेत. बरोबर ना?