मंत्रचळाच्या गोष्टीला कारण हवंच का?

पिंपळपान: (शेवट फोडतेय, सांभाळून.) लिसा थॉम्प्सन यांचं 'द गोल्डफिश बॉय' (२०१७) लेकीबरोबर वाचून संपवलं. १२ वर्षांचा मॅथ्यू जंतूंच्या भीतीने खोलीबाहेर पडत नाही, हातमोजे घालतो, हात सोलवटेपर्यंत धुतो. तेरा आकडा तोंडातून काढत नाही, 'दहा अधिक तीन' म्हणतो. शेजारचं लहान पोर हरवतं, तेव्हा खिडकीतून त्याने केलेल्या नोंदी कामी येतात. इथवर फार आवडलं. पण मग कळतं, तान्हा भाऊ आपल्यामुळेच गेला ही टोचणी त्याला आहे. तिथे मी अडले. माझ्या भाच्याला ओसीडी (मंत्रचळ, एकच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार) आहे. थंडीत पेरांना भेगा पडून रक्त येतं, तरी नळ बंद होत नाही. घरचे अजून विचारतात, 'कसला धक्का बसला याला?' कसलाच नाही हो!

सायली_म: असहमत. 'माझ्यामुळे कुणाला तरी काहीतरी होईल' हाच तर या आजाराचा गाभा असतो. ती भीती मुलांना समजायची तर कुठेतरी टेकवावी लागते. भावाची गोष्ट नसती तर माझ्या मुलाने पुस्तक अर्ध्यात टाकलं असतं.

कोरांटी: पिंपळपान, +१. आठवीत मी दाराची कडी सात वेळा पुसायचे. आजी कौतुकाने म्हणायची, 'पोरीचं सोवळं बघा!' सोवळ्याच्या घरात आजार दोन वर्षं कुणाला दिसलाच नाही. मला माझी गोष्ट जॉन ग्रीनच्या 'टर्टल्स ऑल द वे डाउन'मध्ये सापडली. लेखकाला स्वतःला ओसीडी आहे. त्यातली एझा बोटात नख रुतवते, बँडेज सोडते, जखम धुते, पुन्हा बांधते. शेवटी ती खडखडीत बरी होत नाही. मोठ्या मुलांसाठी आहे, पण खरं आहे.

सायली_म: पण मॅथ्यूसुद्धा डॉक्टरांकडे जातोच की!

पिंपळपान: जातो, मान्य. पण वाचणाऱ्याच्या मनात राहतं ते गुपित. भाच्याची थेरपी म्हणजे बुटांना हात लावायचा आणि धुवायचा नाही, जीव कासावीस होणं ओसरेपर्यंत बसून राहायचं. आणि उद्या पुन्हा तेच. गुपित सांगून मोकळं झालं की हात धुणं थांबतं, असं नसतं.

सायली_म: पुस्तक मिटल्यावर मुलाने विचारलं होतं, 'भाऊ गेला नसता तर मॅथ्यूला हे झालंच नसतं ना?' मी पटकन 'हो' म्हणून गेले. आज रात्री त्याच्याशी पुन्हा बोलते.