द्विभाषिक, द्वैभाषिक आणि ‘द्वितीय भाषा’

‘बायलिंग्वल’ला मराठीत ‘द्विभाषिक’ म्हणावे की ‘द्वैभाषिक’, हा प्रश्न व्याकरणापुरता पाहिला तर लवकर सुटतो. ‘भाषिक’ या तयार शब्दाला ‘द्वि’ जोडला की पहिले रूप मिळते आणि ‘द्विभाषा’ला ‘इक’ प्रत्यय लावून आदिस्वराची वृद्धी केली (‘द्वि’चे ‘द्वै’) की, ‘त्रैमासिक’प्रमाणे, दुसरे. अडचण आहे ती अर्थाची.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी अस्तित्वात आलेले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात असे विभागले गेलेले मुंबई राज्य ‘द्विभाषिक’ म्हणून ओळखले जाई. परंतु त्यातल्या प्रत्येक रहिवाशाला मराठी आणि गुजराती दोन्ही येतात, असा त्या शब्दाचा अर्थ कधीच नव्हता. द्विभाषिक कोश, द्विभाषिक पाटी हे प्रयोगही याच जातीचे. एखादी व्यक्ती दोन भाषांत वावरते, ही गोष्ट निराळी आहे. म्हणून माणसासाठी ‘द्वैभाषिक’ आणि राज्य, कोश, पाटी यांच्यासाठी ‘द्विभाषिक’ अशी वाटणी मला सोयीची वाटते. ‘दुभाषी’ मात्र येथे नको. तो एकाचे बोलणे दुसऱ्याला समजावून सांगणाऱ्याचा शब्द आहे आणि दोन भाषा सहज वापरणाऱ्या कित्येकांना ते काम जमत नाही.

द्वैभाषिक कोणाला म्हणायचे, यावरही अभ्यासकांत एकमत नाही. लिओनार्ड ब्लूमफील्ड यांनी १९३३ मध्ये दोन्ही भाषांवर मातृभाषेसारखे प्रभुत्व हवे, अशी अट घातली होती. फ्रांस्वा ग्रोजाँ यांनी पुढे रोजच्या वापराला महत्त्व दिले: एकाच देहात दोन एकभाषिक माणसे राहतात असे समजू नये, कारण घरात एक, बाजारात दुसरी असे ज्या त्या कामापुरते प्रभुत्व पुरेसे असते. मला दुसरी व्याख्या पटते, आणि तिचा उत्तम पुरावा सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडमध्ये सापडतो.

जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्या गावातल्या मराठी, कन्नड आणि उर्दू बोलींची तुलना आहे. तेथील मराठी माणूस ‘पाला जरा कापून घेऊन आलो’ म्हणतो, तर उर्दू बोलणारा ‘पाला जरा काट के ले के आया’. शब्दाला शब्द ठेवून पाहावे, क्रम तोच. कन्नड वाक्यही याच साच्यात बसते, ‘जरा’सकट, आणि कन्नड तर मुळात निराळ्या भाषाकुळातली. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या भाषा वापरल्यामुळे वाक्यरचना जवळ आल्या, तरी शब्द बहुतांशी ज्याचे त्याचे राहिले, कारण घरची भाषा कोणती ही ओळख त्यांच्यावर टिकून होती. अशा रचनेला सरसकट ‘अशुद्ध’ म्हणणारा अभ्यासक त्या गावात फार काळ टिकला नसता!

आता ‘द्वितीय भाषा’. संशोधनात हा शब्द पहिल्या भाषेनंतर आत्मसात केलेल्या भाषेसाठी येतो, म्हणजे त्यात काळाचा क्रम असतो. महाराष्ट्राच्या शालेय अभ्यासक्रमात मात्र तो विषयाचे स्थान सांगतो. मराठी घरातली आणि इंग्रजी माध्यमात शिकणारी मुलगी दहावीला इंग्रजी ‘प्रथम भाषा’ म्हणून घेते आणि मराठीचे ‘अक्षरभारती’ हे पाठ्यपुस्तक ‘द्वितीय भाषा’ म्हणून. जी भाषा ती बोलायला शिकताना शिकली, तीच गुणपत्रिकेत दुसरी ठरते. त्यामुळे मुलांच्या भाषाविकासावर मराठीत लिहिताना ‘तिची द्वितीय भाषा मराठी आहे’ एवढेच लिहिणे धोक्याचे आहे, कारण वाचणारा शिक्षक एक अर्थ घेईल आणि मानसशास्त्राचा अभ्यासक नेमका उलटा. ‘घरची भाषा’, ‘माध्यमाची भाषा’ आणि ‘नंतर शिकलेली भाषा’ हे साधे शब्द अशा लेखनात अधिक चोख काम करतात. ‘द्वितीय भाषा’ वापरायचीच असेल, तर ती कोणत्या अर्थाने, हे पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकावे.