मदत हवी आहे : समोरच्याचा हात रिकामा होतो, पण डाव माझ्या हाती येत नाही (डिस्कार्ड डेक)

नमस्कार.

मी भुसावळचा. आम्ही चार जण दर रविवारी जळगावला एका मित्राच्या घरी 'मॅजिक : द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ खेळायला जमतो. दोनदोनच्या जोड्या पाडून समोरासमोर, प्रत्येकाच्या स्वतःच्या 60 पत्त्यांच्या डेकने, 20 लाइफवर (ते शून्यावर आले की हार), असा आमचा साधा खेळ असतो; स्पर्धेला आमच्यापैकी कोणी अजून गेलेले नाही. गेल्या दिवाळीपासून मी काळ्या रंगाचा डिस्कार्ड डेक (समोरच्याला हातातले पत्ते टाकून द्यायला लावणारा) बांधतो आहे. त्यासंबंधी जाणकारांचा सल्ला हवा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सध्याचा डेक असा आहे. लँड (बाकीचे पत्ते खेळायला लागणारा मॅना देणारे पत्ते) 23, बहुतेक सगळे स्वॅम्प, म्हणजे काळ्या मॅनाचे. डिस्कार्ड करायला लावणारे पत्ते एकूण 24 : इन्क्विझिशन ऑफ कोझिलेक 4, रेव्हन्स क्राइम 4, रेंच माइंड 4, माइंड रॉट 4, बर्गलर रॅट 4, ड्युरेस 2 आणि थॉटसीझ 2 (थॉटसीझ दोनच, कारण पुढचे दोन घ्यायला घरातून मंजुरी मिळालेली नाही). त्यांचा फायदा उठवणारे पत्ते 7 : द रॅक 3, लिलियानाज कॅरेस 2, वेस्ट नॉट 2. क्रीचर (मैदानात उतरून हल्ला करणारे पत्ते) मारण्यासाठी फेटल पुश 2 आणि शेवटचा घाव घालण्यासाठी गुरमॅग अँग्लर 4.

अडचण नेमकी कोणती, हे गेल्या रविवारच्या एका डावावरून सांगतो. समोर लाल रंगाचा वेगवान डेक होता आणि पहिली पाळी माझी होती. पहिल्या पाळीत इन्क्विझिशन (हात पाहून त्यातला एक पत्ता मी निवडून टाकायला लावतो), दुसऱ्यात रेंच माइंड, तिसऱ्यात माइंड रॉट (या दोन्हींत समोरचा दोन-दोन पत्ते टाकतो), असा मनासारखा क्रम मला मिळाला, आणि माझी तिसरी पाळी संपताना त्याच्या हातात एकही पत्ता उरला नव्हता. मी मनातल्या मनात डाव जिंकून मोकळा झालो होतो. परंतु तोपर्यंत त्याने दोन लहान क्रीचर मांडून ठेवले होते. पुढे तो दर पाळीला जो पत्ता उचली तो लगेच खेळून टाकी, आणि मी मात्र रिकाम्या हातावर रोखलेले डिस्कार्डचे पत्ते धरून बसलो होतो. आठव्या पाळीला मी हरलो, तेव्हा माझ्या हातात दोन रेव्हन्स क्राइम आणि एक माइंड रॉट होता. त्याच्याकडे टाकायला काहीच नसल्यामुळे त्या तिन्ही पत्त्यांची किंमत शून्य होती.

दुसरी अडचण मावसभावाच्या हिरव्या-पांढऱ्या डेकची आहे. त्याने लॉक्सोडॉन स्मायटर घेतला आहे. प्रतिस्पर्ध्यामुळे हा पत्ता टाकावा लागला, तर तो ग्रेव्हयार्डमध्ये (वापरलेल्या पत्त्यांच्या ढिगात) न जाता थेट मैदानात उतरतो. मी रेंच माइंड खेळलो की तो आनंदाने स्मायटर टाकतो, म्हणजे तीन मॅनाचा 4/4 (मारायची आणि सोसायची ताकद 4) क्रीचर मीच त्याला फुकटात मांडून देतो. फेटल पुश त्याला लागत नाही, कारण एरवी तो दोन मॅनापर्यंतचेच क्रीचर मारतो.

तेव्हा माझे प्रश्न असे : डिस्कार्डचे 24 पत्ते जास्त होतात का? होत असतील, तर कोणते काढावेत? आणि स्मायटरचे काय करावे?

(मे महिन्यात आमच्याकडे पंखा पाचवर ठेवावा लागतो आणि पत्ते उडतात, त्यामुळे प्रत्येक ढिगावर एकेक रुपयाचे नाणे ठेवून आम्ही खेळतो. केळीचे वेफर्स खाऊन स्लीव्हना (पत्त्यांच्या प्लास्टिकच्या आवरणांना) तेलाचे हात लावणाऱ्याला एक पाळी दंड असतो. त्यावर मात्र सल्ला नको आहे.)

प्रतिसाद, धुळ्याहून :

आपली यादी दोनदा वाचली. माझ्या मते चूक डिस्कार्डच्या आकड्यात कमी आणि फायदा उठवणाऱ्या पत्त्यांच्या निवडीत जास्त आहे. लिलियानाज कॅरेस आणि वेस्ट नॉट हे पत्ते समोरचा पत्ता टाकतो त्या क्षणीच काम करतात. त्याचा हात एकदा रिकामा झाला की ते निकामी होतात. द रॅकचे याच्या उलट आहे. त्याचे काम समोरच्याच्या हातात तिनाहून कमी पत्ते उरल्यावर सुरू होते, आणि जितके कमी तितके डॅमेज होते. आपण वर्णन केलेल्या डावात तिसऱ्या पाळीनंतर कॅरेस उचलला असता तरी काही उपयोग झाला नसता. रॅक उचलला असता, तर त्याच्या पुढच्या प्रत्येक अपकीपला (पाळीच्या सुरुवातीला) 3 डॅमेज झाले असते, कारण अपकीप पत्ता उचलण्याआधी येतो आणि त्या वेळी त्याचा हात रिकामाच असतो. आपण एकाच डेकमध्ये दोन वेगळे बेत कोंबले आहेत. त्यातला एकच ठेवा, आणि माझा कल रॅककडे आहे.

तीन रॅक असताना सुरुवातीच्या सात पत्त्यांत एकतरी येण्याची शक्यता सुमारे 32 टक्के असते. रॅक चार करून त्यांच्या जोडीला श्रीकिंग अफ्लिक्शन चार घेतले, तर आठांपैकी एकतरी सातांत येण्याची शक्यता 65 टक्क्यांवर जाते. अफ्लिक्शन एकाच मॅनाचा आहे, आणि समोरच्याच्या हातात एक किंवा शून्य पत्ता असेल तर दर अपकीपला त्याचे 3 लाइफ जातात. या जोडीवरूनच अशा डेकला सगळीकडे 'एट-रॅक' म्हणतात. त्यासाठी कॅरेस, वेस्ट नॉट, माइंड रॉट आणि अँग्लर असे बारा पत्ते काढावेत. तीन मॅना मोजून दोन पत्ते टाकायला लावणे उशिराचे ठरते, आणि अँग्लर हा आपल्या डेकमध्ये वाट चुकलेला पाहुणा आहे. त्या बारा जागांवर अफ्लिक्शन 4, रॅक 1, स्मॉलपॉक्स 4, फेटल पुश 2 आणि मिळाली तर लिलियाना ऑफ द व्हेल 1 घ्यावी.

रेव्हन्स क्राइम मात्र काढू नये. रिट्रेसमुळे तो ग्रेव्हयार्डमधून, हातातली जास्तीची लँड टाकून, पुन्हा खेळता येतो. रॅकचा मार चुकवण्यासाठी समोरचा मुद्दाम तीन पत्ते धरून बसतो, तेव्हा याच पत्त्याने ते सोडवून घेता येतात. आपल्या हातात दोन रेव्हन्स क्राइम पडून राहिले, त्यांपैकी खरे तर एकाचीच गरज होती.

आता स्मायटर. रेंच माइंडमध्ये काय टाकायचे ते समोरचा ठरवतो, म्हणून आधी इन्क्विझिशनने हात पाहावा. त्यात स्मायटर दिसला तर दुसराच पत्ता उचलावा आणि रेंच माइंड राखून ठेवावा. खरा उपाय स्मॉलपॉक्स आहे. त्यात दोघांचा क्रम 1 लाइफ, मग एक पत्ता, मग एक क्रीचर, मग एक लँड असा असतो. मावसभावाने स्मायटर टाकला तर तो मैदानात उतरतो, आणि दुसरा क्रीचर नसेल तर लगेच त्याचाच बळी द्यावा लागतो. दुसरा क्रीचर असला तरी मार्ग आहे : तीन लँड असतील तर दोन टॅप करून (आडवे करून मॅना काढून) स्मॉलपॉक्स खेळावा, त्या दोनांपैकीच एका लँडचा बळी द्यावा आणि उरलेल्या लँडच्या मॅनातून त्याच पाळीत फेटल पुश टाकावा. आपली लँड नुकतीच गेलेली असल्यामुळे त्या पाळीत पुश चार मॅनापर्यंतचा क्रीचर मारू शकतो.

मूळ प्रश्नकर्ता :

मनःपूर्वक आभार. कॅरेस आणि रॅक एकमेकांच्या विरुद्ध बाजूला ओढतात, हे इतक्या महिन्यांत माझ्या लक्षात आले नव्हते. अफ्लिक्शन हाती नसल्यामुळे या रविवारी साध्या पत्त्यांवर नाव लिहून स्लीव्हमध्ये घातले. मित्रांनी तेवढी सवलत दिली. लाल डेकविरुद्ध पाच डाव झाले, त्यांपैकी तीन मी जिंकलो. हरलेल्या दोन्ही डावांत थॉटसीझ खेळताना जाणारे 2 लाइफ मला महागात पडले. स्मॉलपॉक्सचा बेत मावसभावावर एकदा साधला. स्मायटर उतरला आणि त्याच क्षणी गेला, तेव्हा त्याने पत्ता हातात घेऊन दोनदा वाचून पाहिला.

एक शंका उरली आहे. दुसरी पाळी माझी असताना हातात तीन लँड, दोन रॅक आणि दोन अफ्लिक्शन आले, पण डिस्कार्ड एकही नाही, तर असा हात ठेवावा की बदलून घ्यावा?

प्रतिसाद, धुळ्याहून :

बदलून घ्यावा. समोरच्याचा हात भरलेला असताना त्या चार पत्त्यांनी काहीच होणार नाही. त्याच हातात त्यांपैकी दोन पत्त्यांच्या जागी एक इन्क्विझिशन आणि एक रेंच माइंड असता, तर मी ठेवला असता. लाल डेकविरुद्ध साइडबोर्डमध्ये (डावांच्या मध्ये बदलायच्या राखीव पत्त्यांत) आणखी दोन ड्युरेस ठेवून ते थॉटसीझच्या जागी घ्यावेत. त्याचे बर्नचे (थेट डॅमेज करणारे) पत्ते ड्युरेसने निघतात आणि आपले लाइफही जात नाही.