आठवीतील चिडवाचिडवी : शाळेच्या वातावरणाचा वाटा किती?

पालक, यवतमाळ जिल्हा

गावातील जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच असल्यामुळे माझा मुलगा जूनपासून एसटीने शेजारच्या मोठ्या गावातील विद्यालयात आठवीला जातो. आम्ही घरी कोलामी बोलतो. त्याच्या मराठीतला तो हेल ऐकून वर्गातील चार-पाच मुलांनी त्याला एक नाव ठेवले असून, मधल्या सुट्टीत तो हापशीवर पाणी प्यायला गेला की त्याच नावाने गलका होतो. शाळेत भेटलो तेव्हा "पोट्टे हायेत, चालतेच" एवढेच उत्तर मिळाले. शाळा बदलावी, की मुलाने खमके व्हावे? शाळेच्या वातावरणाचा यात खरोखर काही संबंध असतो का?

निवृत्त मुख्याध्यापक, वर्धा

भाऊ, संबंध असतो. मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी स्वीडन आणि नॉर्वेत या विषयाच्या अभ्यासाचा पाया घातला. त्यांच्या मते मुद्दाम दिलेला, पुन्हापुन्हा होणारा आणि ताकदीत तफावत असलेला त्रास म्हणजे छळ. पाच विरुद्ध एक, तेही रोज, ही मस्करी नव्हेच. फिनलंडच्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ मध्ये दाखवले की अशा प्रसंगात छळणाऱ्याला साथ देणारे, हसून त्याला बळ देणारे, बाजूला राहणारे आणि त्रास सोसणाऱ्याच्या पाठीशी उभे राहणारे अशा सर्वांच्याच भूमिका असतात. म्हणून एकट्या मुलाला खमके करून फारसे भागत नाही. अमेरिकेत व्हर्जिनियातील शाळांच्या अभ्यासांत, जिथे नियम ठाम पण सर्वांना सारखे आणि शिक्षक आपुलकीचे, तिथे छळ कमी आढळला. अर्थात, छळ कमी असल्यामुळेच मुलांना शाळा बरी वाटत असेल, अशी उलटी शक्यताही उरते.

ठाम म्हणजे छडी नव्हे. माझ्या शाळेत छडीचा धाक होता आणि असले काही घडत नाही, अशी माझी समजूत होती. घडत होते, फक्त मुतारीमागे.

शिक्षिका, चंद्रपूर जिल्हा

सरांच्या म्हणण्यात एक भर घालते. हजेरी घेताना शिक्षक कोणते नाव उच्चारतात, हे मुलाला विचारा. मी एका उंच मुलाला लाडाने 'बगळ्या' म्हणत असे. आठवडाभरात साऱ्या वर्गाला जणू परवानाच मिळाला, आणि मी थांबल्यावरही वर्ग थांबायला महिना लागला. शाळा अनुदानित असेल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार तिथे व्यवस्थापन समिती असते आणि तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात. तिच्यापुढे लेखी अर्ज ठेवा. मधल्या सुट्टीत हापशीजवळ एक शिक्षक उभा राहावा, एवढीच नेमकी मागणी करा. मोघम तक्रारीला मोघम उत्तर मिळते, हा माझा अनुभव आहे.

पालक, यवतमाळ जिल्हा

ताई, विचारले. बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "सर बी तेच नाव घेतात, पन हासून घेतात." शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर अर्ज घेऊन जातो आहे.